फवारणीचे विष आणि विहिरीचे पाणी

पिकांवरील किडी, रोग व तण यांच्या नाशासाठी जी रासायनिक द्रव्ये वापरण्यात येतात, त्यांना खेड्यापाड्यांतून ‘औषध’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द सोयीचा आहे व तो आता बदलेल असे वाटत नाही. या लेखातही तो येईल. परंतु औषध म्हटले की थोडे सांडले तर काय बिघडले, अशी भावना नकळत निर्माण होते, आणि पुढील पुष्कळशा अनर्थाचे मूळ तेथेच असते.

औषध हाताळताना माणसाने स्वतःच्या जिवाची काळजी कशी घ्यावी, याविषयी शेतकरी बंधूंना वेळोवेळी सांगण्यात आले आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यामुळे हातमोजे, तोंडावरील पट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे यांचे महत्त्व निराळे सांगण्याचे कारण उरलेले नाही. प्रस्तुत लेखात एका वेगळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. फवारणी आटोपून माणूस घरी गेला, म्हणजे मागे जे विष उरते ते कोठे जाते? त्याचा मोठा भाग पाण्याच्या वाटेने जातो. आणि आपल्याकडे शेताची विहीर व पिण्याची विहीर या पुष्कळदा एकच असतात, अथवा एकाच झऱ्यावर असतात.

पाणी दूषित होण्याचा खरा धोका शेतात पिकावर पडलेल्या फवाऱ्यापेक्षा पंप भरण्याच्या व धुण्याच्या जागी अधिक असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. एक किलो क्रियाशील द्रव्य एका हेक्टरवर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर जमिनीवर सारखे पसरले, तर एका चौरस मीटरच्या वाट्याला एक ग्रॅमचा दहावा हिस्सा येतो. मातीच्या वरच्या थरातील असंख्य सूक्ष्म जीव या विरळ विषाचे हळूहळू विघटन करतात. पण तेच द्रव्य पंप भरताना विहिरीच्या काठी, हातभर जागेत, अर्क स्वरूपात सांडले, तर तेथील मातीला ते पचत नाही. तेथे बहुधा मातीही नसते. असतो तो खडक, सिमेंटचा ओटा किंवा दगडी थारोळे.

विहिरीचे गणित

नुसते ‘थोडे’ म्हणून भागत नाही, म्हणून एक हिशेब मांडून पाहू. सहा मीटर व्यासाची विहीर आहे व तीत तीन मीटर पाणी आहे असे धरू. त्या विहिरीत सुमारे पंच्याऐंशी हजार लिटर पाणी असते. मका व ऊस या पिकांत तणांसाठी अॅट्राझीन हे तणनाशक वापरतात. त्याची ५० टक्के भुकटी बाजारात मिळते. म्हणजे एक ग्रॅम भुकटीत अर्धा ग्रॅम अॅट्राझीन असते. पुडी फोडताना वाऱ्याने उडून किंवा हात खळबळून एवढी एकच ग्रॅम भुकटी त्या विहिरीत गेली, तर प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे सहा मायक्रोग्रॅम अॅट्राझीन येते. (मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) भारतीय मानक ब्युरोने २०१२ साली पिण्याच्या पाण्याचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात अॅट्राझीनची मर्यादा लिटरला दोन मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे. म्हणजे चिमूटभर भुकटीने पंच्याऐंशी हजार लिटर पाणी मर्यादेच्या तिप्पट दूषित झाले. हे पाणी दिसावयास स्वच्छ, चवीला गोड व वासरहित असते. पिणाऱ्यास त्याच दिवशी काही होत नाही, म्हणून कोणी तक्रारही करीत नाही.

दुसरा हिशेब नाल्याचा आहे. पावसाळा संपल्यावर नाल्यात जागोजाग डोह राहतात. वीस मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल अशा डोहात चाळीस हजार लिटर पाणी असते. सायपरमेथ्रीन २५ टक्के या औषधाचे एक मिलिलिटर, म्हणजे सुमारे वीस थेंब, त्या डोहात पडले, तर लिटरला सहा मायक्रोग्रॅम इतके प्रमाण होते. या गटातील औषधे माणसाच्या मानाने माशांना, खेकड्यांना व पाणकिड्यांना कितीतरी पटींनी अधिक घातक आहेत. इतक्या प्रमाणात लहान मासे मरू शकतात. डोहात नुसता पंप खळबळून काढला तरी वीस थेंबांहून अधिक औषध पाण्यात जाते. संध्याकाळी पंप नाल्यावर धुवावयाचा व सकाळी मासे पालथे का पडले याचे आश्चर्य करावयाचे, हा प्रकार अनेक गावांत घडतो.

विजेचा खेळ

पंप विहिरीवर भरण्याची सवय सर्वत्र आहे व तिचे कारणही उघड आहे: पाणी तेथे असते. ही सवय मोडण्यास फारसा खर्च नाही. पाणी बादलीने, डब्याने किंवा नळीने विहिरीपासून दूर न्यावे व औषध तेथे कालवावे. निदान साठ-सत्तर पावलांचे अंतर ठेवावे, आणि जागा विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर नसावी. कालविण्यासाठी शेताच्या बांधावरील गवताळ, मातीची जागा चांगली. दरवर्षी तीच जागा न वापरता ती बदलीत जावे, म्हणजे मातीवर एकाच ठिकाणी भार पडत नाही.

याहून एक धोका असा आहे की जो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. औषध कालविण्याच्या पिंपात विहिरीवरील मोटारीची नळी बुडवून पिंप भरण्याची पद्धत आहे. नळीचे तोंड द्रावणात बुडालेले असते. अशा वेळी एकाएकी वीज जाते. मोटार थांबते, पाईपमधील पाण्याचा स्तंभ मागे ओढला जातो आणि फूट व्हॉल्व्ह गळका असेल तर पिंपातील द्रावणही त्याच्याबरोबर विहिरीत उतरते. एका वेळी शंभर-दोनशे लिटर तयार औषध अशा रीतीने विहिरीत जाऊ शकते, व मालक ‘लाइट गेली’ म्हणून झाडाखाली बसलेला असतो. खेड्यात वीज जाणे ही नित्याची बाब असल्याने हा अपघात विरळा समजू नये. उपाय अगदी साधा आहे. नळीचे तोंड पिंपाच्या काठापासून निदान वीतभर वर टांगून ठेवावे. ते द्रावणाला कधीही टेकू नये. पिंपात आधी पाणी भरून, नळी काढून, मगच औषध घालणे हे त्याहूनही चांगले.

ठिबक सिंचनातून औषध सोडणाऱ्या बागायतदारांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. डाळिंब, द्राक्षे, केळी यांच्या बागांतून व्हेंच्युरीद्वारे खत व त्याच नळीतून कीटकनाशक अथवा बुरशीनाशक सोडण्याची चाल वाढली आहे. नळी विहिरीला थेट जोडलेली असते. मधे उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह नसेल, तर वीज जाताच उतारावरील पाणी, औषधासह, परत विहिरीकडे येते. व्हेंच्युरी किंवा टाकी यांच्या अलीकडे, विहिरीच्या बाजूस, असा व्हॉल्व्ह बसविलेला असल्याशिवाय ठिबकमधून कोणतेही विष सोडू नये. तो बसविलेला असला तरी दर हंगामाच्या आरंभी उघडून पाहावा. कचरा अडकल्यास तो नावापुरताच राहतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेला भेट देताना कीड-रोगाइतकेच लक्ष या एका व्हॉल्व्हकडे दिल्यास पुष्कळ काम होईल. ज्या औषधाच्या माहितीपत्रकात ठिबकमधून देण्याची शिफारस नाही, ते त्या मार्गाने मुळीच देऊ नये, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

काळी जमीन आणि पहिला पाऊस

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. वर काळी किंवा मुरमाड माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगांचा खडक आणि त्या भेगांतून वाहणारे पाणी, अशी आपल्या विहिरींची रचना असते. वाळूच्या जाड थरातून गाळून येणाऱ्या पाण्यासारखे हे पाणी नव्हे. भेगेतून आलेले पाणी गाळले जात नाही. ते जसे शिरते तसेच विहिरीत उतरते.

त्यातून काळ्या जमिनीचा स्वभाव असा की उन्हाळ्यात तिला हातहात खोल भेगा पडतात. मृगाच्या सरींनी वरवर ओल झाली तरी या भेगा लगेच मिटत नाहीत. नेमक्या याच सुमारास पेरणी होते व पेरणीनंतर उगवणीपूर्वीची तणनाशके फवारली जातात. पाठोपाठ जोराचा पाऊस आला, तर शेतावरील औषध पाण्याबरोबर भेगांत उतरते व सूक्ष्म जीवांनी भरलेला मातीचा वरचा थर त्याला लागतच नाही. मका पेरल्यानंतर जमिनीला भेगा दिसत असतील व जोराच्या पावसाचा अंदाज असेल, तर अशा वेळी कोळपणी व खुरपणी यांवर भिस्त ठेवावी. त्या हंगामात तणनाशक टाळल्याने पीक बुडत नाही. ज्यांना मजुरांची अडचण आहे त्यांनी पट्टा पद्धतीने, म्हणजे केवळ पिकाच्या ओळीवर तणनाशक मारून मधल्या पट्ट्यात कोळपे चालवावे. त्यामुळे औषध निम्म्याहून कमी लागते.

सर्वच औषधे पाण्याबरोबर सारख्याच प्रमाणात जात नाहीत. क्लोरपायरीफॉससारखी काही द्रव्ये मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. ती पाण्याबरोबर खोल जात नाहीत, परंतु धुपून जाणाऱ्या मातीबरोबर नाल्यात व बंधाऱ्यात जातात. अॅट्राझीनसारखी द्रव्ये मातीला सैल चिकटतात व पाण्याबरोबर खाली उतरतात. भूजलातील त्याच्या अंशामुळेच युरोपीय संघाने २००४ साली अॅट्राझीनची परवानगी काढून घेण्याचा निर्णय घेतला. तात्पर्य, पहिल्या प्रकारच्या विषाला बांधबंदिस्ती आडवी येते, दुसऱ्याला येत नाही. नाल्याच्या काठाने आठ-दहा मीटरांचा गवताचा पट्टा न फवारता राखून ठेवल्यास वाहून येणारी माती तेथे अडते आणि जनावरांना चाराही मिळतो. मात्र शेजारी फवारणी झाल्यावर काही दिवस तो चारा कापू नये.

त्रिकोणाचा रंग काय सांगतो

बाटलीवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा व हिरवा या क्रमाने विषारीपणा कमी होत जातो, हे बहुतेक शेतकऱ्यांना आता ठाऊक आहे. पण हा रंग माणसाला व जनावराला होणाऱ्या तात्काळ विषबाधेचा आहे. विहिरीविषयी, माशांविषयी किंवा मधमाश्यांविषयी तो काही सांगत नाही. वर ज्या अॅट्राझीनचा हिशेब मांडला, त्याच्या पुडीवर सामान्यतः निळा त्रिकोण असतो. निळा त्रिकोण पाहून ‘हे सौम्य आहे’ असे म्हणणारा दुकानदार खोटे बोलत नाही, परंतु तो अर्धेच सांगतो. उरलेले अर्धे आतील माहितीपत्रकात असते. ते बारीक अक्षरांत छापलेले असते व बाटलीबरोबर येते तसेच बांधावर फेकून दिले जाते. गावातील वाचन-मंडळात अथवा ग्रामसभेपूर्वी दहा मिनिटे काढून, त्या हंगामात गावात येणाऱ्या चार-पाच औषधांची पत्रके मोठ्याने वाचून दाखविण्याचा प्रयोग कार्यकर्त्यांनी अवश्य करावा.

उरलेले द्रावण व रिकामी बाटली

पंपात औषध उरते याचे कारण आपण अंदाजाने कालवतो. त्यास माप लावावे. एक गुंठा जागा मोजून घ्यावी व तीवर नेहमीच्या चालीने साधे पाणी फवारावे. समजा पाच लिटर पाणी लागले; तर एकराला, म्हणजे चाळीस गुंठ्यांना, दोनशे लिटर लागेल आणि पंधरा लिटरचा एक पंप तीन गुंठ्यांना पुरेल. शेवटच्या पंपाला केवळ दीड गुंठा राहिला असेल, तर साडेसात लिटरच द्रावण करावे. पीक वाढले की, नॉझल झिजले की, किंवा फवारणारा बदलला की हे माप पुन्हा घ्यावे. या खटाटोपाला अर्धा तास लागतो. इतके करूनही थोडे उरलेच, तर त्यात दहापट पाणी घालून ज्या पिकासाठी औषध होते त्याच शेताच्या न फवारलेल्या कडेवर मारावे. बांधावर, नालीत किंवा रस्त्यावर ओतू नये.

बाटली रिकामी झाली म्हणजे ती खरोखर रिकामी नसते. एक लिटरच्या बाटलीत तळाशी व कडांना मिळून पाच मिलिलिटर औषध राहिले असे धरू. बाटलीत पाव भाग पाणी घालून, बूच लावून, अर्धा मिनिट जोराने हलवून ते पाणी पंपात ओतले, तर मागे राहणाऱ्या तेवढ्याच थेंबांत औषधाचा सुमारे पन्नासावा हिस्सा उरतो. असे तीनदा केल्यास सुमारे सव्वा लाखावा हिस्सा उरतो. तेच पाऊण लिटर पाणी एकदम घालून एकदाच खळबळले, तर दीडशेवा हिस्सा राहतो. पाणी तेवढेच, श्रम थोडे अधिक. परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. खळबळलेले पाणी पंपातच गेले पाहिजे, म्हणून शेवटचा पंप भरताना थोडी जागा मोकळी ठेवून हे काम करावे. विकत घेतलेले औषधही त्यामुळे वाया जात नाही.

धुतलेल्या बाटलीला भोक पाडावे वा ती चेचावी, म्हणजे तिचा तेलासाठी किंवा पाण्यासाठी उपयोग होणार नाही. ही सूचना क्षुल्लक वाटेल. पण विष आणि अन्न यांची गाठ पडल्याने काय होते, हे आपल्या देशाने १९५८ साली पाहिले आहे. त्या वर्षी केरळात, जहाजातून आणलेल्या गव्हाच्या पिठात व साखरेत पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेनंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. त्याखालील १९७१ च्या नियमांपैकी ४४ व्या नियमात, रिकामी वेष्टने, शिल्लक माल व धुण्याचे पाणी यांची विल्हेवाट पाणी व परिसर दूषित होणार नाही अशा रीतीने लावणे हे औषध बनविणाऱ्याचे व वापरणाऱ्याचेही कर्तव्य ठरविले आहे. वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे त्यात सांगितले आहे. विक्रेता किंवा कंपनी रिकाम्या बाटल्या परत घेत असेल तर धुतलेल्या बाटल्या गोणीत साठवून त्यांना देणे उत्तम. पुरावयाच्या झाल्यास विहीर, नाला व पाणथळ यांपासून दूर, उंचवट्याची जागा निवडावी. बाटल्या शेतात जाळू नयेत. त्या धुरातून विष पसरते. भंगारवाल्याला तर त्या मुळीच देऊ नयेत.

वारा, फुले व मधमाश्या

वाऱ्यासंबंधी थोडक्यात सांगतो. मूठभर वाळलेली माती खांद्याइतक्या उंचीवरून सोडावी. धूळ दूर वाहून गेली तर फवारणी थांबवावी. तणनाशकासाठी नॉझलवर टोपी लावावी व दाब कमी ठेवावा, म्हणजे बारीक तुषार उडत नाहीत. शेततळ्याच्या किंवा विहिरीच्या बाजूने वारा वाहत असेल, तर त्या दिवशी ती कड सोडून द्यावी. अलीकडे ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. वरून मारलेला तुषार अधिक सहज उडतो, म्हणून वाऱ्याचा विचार तेथे दुप्पट करावा.

मधमाश्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तेथे शेतकऱ्याचे नुकसान त्याच्याच हाताने होते. कांद्याच्या बीजोत्पादनाचा प्लॉट, सूर्यफूल, तूर व डाळिंब यांत परागीकरणाचे काम माश्या करतात. फुले उमललेली असताना सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फवारणी केली, तर गोंड्यावर बसलेल्या माश्याच प्रथम मरतात, आणि मग बी का भरत नाही म्हणून दुसरे औषध शोधले जाते. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी टाळावी. अगदीच निकड असेल तर सूर्य मावळताना, माश्या परतल्यावर करावी. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसातून मधात व परागातही उतरतात. त्यांना संध्याकाळची युक्ती पुरत नाही, म्हणून ती फुलोऱ्याच्या आधीही बेतानेच वापरावीत. शेजारी कोणी मधपेट्या ठेवल्या असतील तर आदल्या दिवशी त्याला सांगावे.

धुण्याचे पाणी पचविणारा खड्डा

ज्या बागायतदारांकडे आठवड्यातून दोन-तीनदा फवारणी असते, त्यांना पंप व ट्रॅक्टरवरील टाकी धुण्याचे पाणी कोठे सोडावे हा प्रश्न कायमचा असतो. स्वीडनमध्ये १९९३ साली यावर एक युक्ती काढण्यात आली. सुमारे दोन फूट खोल खड्ड्याच्या तळाशी चिकणमातीचा थर द्यावयाचा व त्यावर दोन भाग गव्हाचे काड, एक भाग माती आणि एक भाग पीट, म्हणजे दलदलीतील कुजका पाला, यांचे मिश्रण भरून वर गवत वाढवावयाचे. काड कुजविणाऱ्या बुरश्या आणि मातीतील सूक्ष्म जीव मिळून त्यात पडणाऱ्या विषाचे विघटन करतात. ही पद्धत पुढे युरोपात व अन्यत्र पसरली. पीट मिळत नाही तेथे कुजलेले कंपोस्ट वापरण्यात आले.

आपल्याकडे तळाला शेततळ्याच्या अस्तराचा तुकडा घालून, काड, चांगली काळी माती व कंपोस्ट भरून असा खड्डा करणे अवघड नाही. मात्र पावसाळ्यात त्यावर छप्पर पाहिजे. एरवी तो तुडुंब भरून सर्व विष बाहेर येईल. मिश्रण ओलसर असावे, चिखल होऊ देऊ नये. काड खचत जाईल तशी भर घालावी. खड्ड्यातून काढलेले मिश्रण भाजीपाल्याला खत म्हणून कदापि घालू नये. आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे: बोर्डो मिश्रणातील मोरचुदाचे तांबे हे मूलद्रव्य आहे, ते कोणत्याही जीवाकडून नाहीसे होत नाही, खड्ड्यात साठतच जाते. द्राक्षबागांना त्यामुळे हा खड्डा पूर्णपणे उपयोगी पडणार नाही.

अपघात झाल्यास

औषध जमिनीवर सांडले तर पाणी ओतून धुऊ नये. तो अपघात पसरविण्याचा मार्ग आहे. त्यावर कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे, खोऱ्याने खरवडून पिशवीत भरावे आणि कालवण्याच्या जागेपासून, तसेच पाण्यापासून दूर पुरावे. हे करताना हातमोजे घालावेत.

औषध विहिरीत गेल्याचे कळले, तर ते लपवू नये. त्याच घटकेला पाणी भरणे थांबवावे, जनावरांचा हौद रिकामा करावा, विहिरीवर फलक लावावा आणि ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्र यांना कळवावे. कोणी ते पाणी प्यालेले असल्यास बाटली अथवा तिचे वेष्टन घेऊनच दवाखान्यात जावे, म्हणजे डॉक्टरांना विषाचे नाव कळते. पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून हे विष जात नाही. रोगजंतूंसाठी जे उपाय आपल्या अंगवळणी पडले आहेत, ते येथे लागू नाहीत. उलट क्लोरपायरीफॉससारख्या द्रव्यांचे क्लोरीनमुळे अधिक विषारी द्रव्यात रूपांतर होते. विहीर उपसण्याची घाईही करू नये, कारण उपसलेले पाणी नाल्यात गेले की खालच्या गावाचा प्रश्न सुरू होतो. ते कोठे सोडावयाचे याचा निर्णय तालुका कृषी अधिकारी व पाणीपुरवठ्याचे अधिकारी यांच्या सल्ल्याने घ्यावा.

पाण्याचा नमुना तपासणीस पाठविताना तो स्वच्छ काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, सावलीत व थंड ठेवून न्यावा. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट व जंतू पाहिले जातात, कीटकनाशके नव्हेत. म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचे रासायनिक नाव, त्यातील टक्केवारी, अंदाजे किती सांडले ते आणि दिनांक स्पष्ट अक्षरांत लिहावे, आणि त्या विशिष्ट द्रव्याची तपासणी होते अशा प्रयोगशाळेकडे नमुना पाठविण्याची विनंती करावी. चिठ्ठीवर केवळ ‘पाणी खराब’ एवढेच लिहिले, तर अहवाल ‘पिण्यास योग्य’ असाही येऊ शकतो.